अँग्लो-सॅक्सन लोकांच्या लेखी खलनायक कोण?

‘बेवुल्फ’ या अँग्लो-सॅक्सनांच्या, म्हणजे जुन्या इंग्लंडमधल्या लोकांच्या, वीरकाव्यातला ग्रेंडेल केवळ राक्षस आहे म्हणून खलनायक, की त्यात त्या समाजाची मूल्यंही दिसतात, असं तुम्ही विचारलंय. मला तर मूल्यंच दिसतात.

ग्रेंडेल ह्रोथगार राजाच्या महालात रात्री घुसून माणसं खातो. पण कवी आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो: मारलेल्यांची भरपाई द्यायलाही तो तयार नव्हता. राक्षसाकडून कोण भरपाई मागेल? पण त्या समाजात माणसाच्या दर्जाप्रमाणे त्याच्या जिवाची किंमत ठरलेली असे, तिला वेरगिल्ड म्हणत. ती चुकती केली की सूड थांबायचा. ही रीत झुगारणारा माणसांत बसूच शकत नाही. उलट काव्याचा नायक बेवुल्फ ग्रेंडेलला मारतो, तेव्हा ग्रेंडेलची आई मुलाच्या खुनाचा बदला घ्यायला येते. ते त्या काळच्या रीतीला धरूनच होतं, म्हणून मला तिचं वाईट वाटतं.

याच काव्यातला ड्रॅगन सोन्यावर नुसता बसून राहतो. चांगल्या राजाला कवी ‘कडी वाटणारा’ (म्हणजे सोन्याची कडी देणारा) म्हणतो, कारण लुटीतलं सोनं साथीदारांना वाटणं हेच राजाचं काम. हेरेमोड हा माणूस, डेन लोकांचा राजा. पण हात आखडला आणि पंक्तीतल्या सोबत्यांनाच मारलं, म्हणून तोही वाईटांतच जमा.

पण सगळ्यात मोठा कलंक पळून जाण्याचा. म्हातारा बेवुल्फ ड्रॅगनशी लढत असताना दहा साथीदार रानात पळतात, एकटा विग्लाफ मदतीला धावतो. महालात मीड (मधाची दारू) पिताना दिलेल्या शब्दांची तो आठवण करून देतो. आपण खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतो, तेच हे.

आणि हे फक्त राक्षसांच्या गोष्टीत नव्हतं, खऱ्या लढाईबद्दलही कवी असंच बोलतात. 991 साली इंग्लंडच्या एसेक्समधल्या मॉल्डनला व्हायकिंगांशी लढताना सरदार बिर्थनोथ पडला. त्या लढाईवरच्या कवितेत ओड्डाचा मुलगा गॉड्रिक धन्याच्याच घोड्यावर बसून पळतो. धनीच निघाला असं वाटून अनेकांनी रांग सोडली. या धन्यानं त्याला कितीतरी घोडे बक्षीस दिले होते, हे सांगायला कवी विसरत नाही. कवितेचा शेवट हरवलाय. उरलेल्या शेवटच्या ओळींत गॉड्रिक नावाचाच दुसरा एक योद्धा मरेपर्यंत लढतो, आणि कवी लगेच सांगतो की पळाला तो गॉड्रिक हा नव्हे.