वाचकांचे प्रश्न : शेकर पंथाचा सामाईक संसार

प्रश्न : बेळगावात स्वयंपाकघराची कपाटे करून घेताना दुकानदाराने ‘शेकर’ पद्धतीची दारे दाखवली. शेकर हा अमेरिकेतील ब्रह्मचारी ख्रिस्ती पंथ असल्याचे नंतर वाचनात आले. लग्नच वर्ज्य असेल, तर असा पंथ टिकला कसा? — एक वाचक, खानापूर

उत्तर : दारांचे आधी सांगतो. चार सपाट पट्ट्यांची चौकट, मधोमध साधी फळी आणि नक्षीचा पूर्ण अभाव, एवढ्यावरून हे नाव रूढ झाले आहे. आज कारखान्यातून येणाऱ्या त्या मालाशी पंथाचा काही संबंध नाही.

पंथाचा उगम इंग्लंडमधील मँचेस्टरचा. १७४७ च्या सुमारास तेथे जमू लागलेल्या एका छोट्या गटातील लोक उपासनेच्या भरात थरथरत आणि नाचत, म्हणून त्यांना ‘शेकर’, म्हणजे थरथरणारे, हे चेष्टेचे नाव पडले. पुढे त्यांचे नेतृत्व ॲन ली या लोहाराच्या मुलीकडे आले. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, तिने कापडधंद्यात मजुरी केली होती आणि तिची चारही मुले लहानपणीच दगावली होती. कामवासना हेच सर्व पापाचे मूळ आहे, असा साक्षात्कार तिला झाला. १७७४ मध्ये ती आठ अनुयायांसह न्यूयॉर्कला उतरली आणि १७८४ मध्ये वारली. तिची चरित्रकथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु पंथ टिकण्याचे खरे श्रेय तिच्यामागून आलेल्या जोसेफ मीचम आणि ल्युसी राइट यांच्या व्यवस्थेला द्यावे लागेल, असे माझे मत आहे.

या दोघांनी न्यूयॉर्क राज्यातील न्यू लेबनन येथे सामाईक जीवनाची घडी बसवली. प्रत्येक वसाहतीत अनेक ‘कुटुंबे’ असत आणि एकेका कुटुंबात पन्नास ते शंभर माणसे एका छपराखाली राहत. ती रक्ताच्या नात्याची नसत. स्त्री-पुरुषांचे जिने व दारे वेगळी असत. मात्र अधिकार दोघांकडे सारखाच असे, अगदी सर्वोच्च मंडळातही दोन पुरुष आणि दोन स्त्रिया बसत. (स्वयंपाक आणि धुणे मात्र स्त्रियांकडेच राहिले, हे नोंदवायला हवे.) आठवड्यातून काही वेळा स्त्रिया व पुरुष समोरासमोर ओळीने, मध्ये काही फुटांचे अंतर ठेवून बसत आणि ठरावीक वेळ गप्पा मारत.

नवी माणसे बाहेरून येत: धर्मजागृतीच्या लाटेत पंथात शिरलेली सबंध घराणी, आश्रय शोधणाऱ्या विधवा, आणि पालकांनी कराराने सोपवलेली किंवा अनाथ मुले. मुलांना एकविसाव्या वर्षी राहायचे की जायचे, हे ठरवता येई, आणि बहुतेक जण निघून जात. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या मेन राज्यापासून केंटकी राज्यापर्यंत अठराच्या आसपास वसाहती आणि चार हजारांहून अधिक सदस्य होते. अनाथांसाठी इतर संस्था निघाल्या, शहरांत मजुरी मिळू लागली आणि कारखान्यांचा स्वस्त माल बाजारात आला, तेव्हा ओघ आटला. म्हणून ऱ्हासाचे सारे खापर ब्रह्मचर्यावर फोडणे मला पटत नाही. ते तर भरभराटीच्या काळातही होतेच. मेनमधील सॅबथडे लेक येथे पंथ अजून तग धरून आहे, पण सदस्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आपल्या भागातील वाचकाला ‘कायकवे कैलास’ हे बसवण्णांच्या परंपरेतील वचन येथे आठवेल. श्रम हीच उपासना, हा विचार दोन्हीकडे आहे; परंतु शरण, म्हणजे बसवण्णांचे अनुयायी, प्रपंचात राहून कायक (श्रम) करीत आणि शेकरांनी प्रपंचच मोडून काढला, हा फरक मूलभूत आहे.

श्रमावरील श्रद्धा त्यांच्या वस्तूंत दिसते. खोलीच्या भिंतींवर उंच लाकडी पट्टी आणि तिला खुंट्या असत. केर काढताना खुर्च्या उचलून त्यांवर उलट्या टांगत, म्हणजे जमीन मोकळी होई आणि बैठकीवर धूळ बसत नसे. केर काढण्याचा चपटा, शिवलेला झाडूही त्यांच्याच थिओडोर बेट्स यांनी १७९८ मध्ये तयार केल्याचे सांगितले जाते. भाजीपाल्याचे बी छोट्या कागदी पुड्यांत भरून विकण्याचा धंदा त्यांनी फार मोठा केला. पुड्यांनी भरलेल्या पेट्या ते गावोगावच्या दुकानांत ठेवत आणि न खपलेला माल हंगामानंतर परत नेत. बाहेरच्यांचे बी आपल्या पुडीत मिसळायचे नाही, असा करार काही वसाहतींनी १८१९ मध्ये केला होता. बियाण्यात फसलेल्या शेतकऱ्याला या कराराची किंमत वेगळी सांगायला नको.

प्रश्न : सगळी मालमत्ता सामाईक असेल, तर पंथ सोडणाऱ्याला काय मिळत असे? — एक वाचक, निपाणी

उत्तर : हक्काने काहीही नाही. नवागताला आरंभी आपली मालमत्ता स्वतःकडे ठेवता येई. पूर्ण सदस्य होताना मात्र तो करारावर सही करून ती पंथाला अर्पण करी आणि पुढे मजुरीचा दावा करणार नाही, असे लिहून देई. जमीन विश्वस्तांच्या नावावर असे आणि हिशेब तेच पाहत. एका माजी सदस्याने केलेल्या श्रमांचा मोबदला मागितला, तेव्हा १८२६ मध्ये मेनच्या न्यायालयाने तो करार वैध ठरवून निकाल पंथाच्या बाजूने दिला. व्यवहारात मात्र निघून जाणाऱ्याला थोडी रक्कम, कपडे किंवा हत्यारे देण्याची रीत होती.