एचआरसीटीवर बारीक गाठी दिसल्या, तर आजार कसा ओळखावा?

छातीच्या एचआरसीटीवर (फुफ्फुसांचे अतिशय बारीक काप दाखवणाऱ्या सीटी स्कॅनवर) असंख्य बारीक गाठी दिसतात, पण क्षयरोग, सार्कॉयडोसिस (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी करणारा आजार) की आणखी काही, हे ठरवताना गोंधळ होतो, असे आपण लिहिले आहे. माझा आग्रह असा, की आजाराचे नाव मनात येण्याआधी त्या गाठी नेमक्या कोठे बसल्या आहेत ते पाहावे, कारण त्यांच्या आकारापेक्षा त्यांची जागा कितीतरी अधिक सांगते.

त्यासाठी सेकंडरी लोब्यूलची, म्हणजे पडद्यांनी वेगळ्या झालेल्या फुफ्फुसाच्या छोट्या घटकाची, रचना पक्की ठाऊक हवी. हा लोब्यूल साधारण १ ते २.५ सेंटिमीटरचा आणि बहुकोनी असतो. त्याच्या मध्यभागी सूक्ष्म श्वासनलिका व तिच्या सोबतची धमनी असते, तर कडेच्या पडद्यांतून शिरा आणि लसिकावाहिन्या जातात. श्वासावाटे आलेला आजार बहुधा मध्यभागी दिसतो, लसिकावाहिन्यांचा आजार कडेने दिसतो आणि रक्तावाटे पसरलेला आजार कसलाही धरबंद न पाळता सगळीकडे विखुरतो.

प्रत्यक्ष पाहताना मी प्रथम फिशर (फुफ्फुसाच्या खंडांमधील फटी) आणि प्ल्युरा (फुफ्फुसावरचे पातळ आवरण) यांवर नजर ठेवतो. तेथे गाठी नसतील आणि त्या प्ल्युरापासून काही मिलिमीटर आतच थांबत असतील, तर त्या लोब्यूलच्या मध्यभागी आहेत असे समजावे. अशा गाठींना फांद्या फुटून टोकाला कळ्या आल्यासारखे दिसत असेल, तर सूक्ष्म श्वासनलिका पू किंवा स्रावाने भरल्या आहेत. श्वासनलिकांवाटे पसरणारा क्षयरोग हे त्याचे महत्त्वाचे कारण आहे. फांद्या नसून गाठी पुसट आणि सर्वत्र सारख्या असतील, तर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा (श्वासावाटे गेलेल्या कणांच्या अ‍ॅलर्जीने होणाऱ्या फुफ्फुसदाहाचा) विचार करून पक्ष्यांचा किंवा बुरशीचा संपर्क आवर्जून विचारावा. फिशरवर मात्र गाठी असतील, तर पुढचा प्रश्न वाटणीचा असतो: श्वासनलिकांच्या व प्ल्युराच्या कडेने पुंजके करून बसलेल्या गाठी सार्कॉयडोसिसकडे बोट दाखवतात, तर १ ते ३ मिलिमीटरच्या, दोन्ही फुफ्फुसांत एकसारख्या विखुरलेल्या गाठी मिलिअरी (रक्तावाटे सर्वत्र पसरलेल्या) क्षयरोगाकडे किंवा रक्तावाटे पसरलेल्या कर्करोगाकडे. या शेवटच्या दोहोंत निवड करताना ताप, वजनातील घट आणि थुंकीची तपासणी चित्राइतकीच मोलाची ठरते.

गाठींखेरीज फुफ्फुसात पांढुरके भागही दिसतात; त्यांतील ग्राउंड ग्लास (पुसट पांढुरकी छटा) आणि कन्सॉलिडेशन (दाट पांढरा भाग) यांतील फरक सोपा आहे: पहिल्यात रक्तवाहिन्या दिसत राहतात, दुसऱ्यात झाकल्या जातात.

हनीकोंबिंग (फायब्रोसिसमुळे, म्हणजे फुफ्फुसात व्रणासारखी कडक ऊती झाल्याने, मधाच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या पोकळ्या) मात्र घाईने लिहू नये. प्ल्युरालगतच्या, एकाच ओळीतल्या, पातळ भिंतींच्या आणि वरच्या भागातील पोकळ्या बहुधा पॅरासेप्टल एम्फिसीमाच्या (फुफ्फुसाच्या कडेचे वायुकोश नष्ट होऊन झालेल्या) असतात. खरे हनीकोंबिंग जाड भिंतींच्या, अनेकदा एकावर एक रचलेल्या थरांचे असते आणि त्याच्या आसपास फायब्रोसिसने ताणलेल्या श्वासनलिका दिसतात. उताण्या झोपलेल्या रुग्णात पाठीकडील भागात आलेली पांढुरकी छटा केवळ गुरुत्वाकर्षणामुळेही असू शकते, म्हणून शंका असेल तेथे रुग्णाला पालथे झोपवून तेवढाच भाग पुन्हा घ्यावा. खरा फायब्रोसिस तरीही तेथेच राहतो.