टपरी बंद असते तेव्हा

अरे बाळा,

तुझा मेसेज रात्री दोनला आलेला, मी सकाळी वाचला. "सरकारने हे पैसे लावायचे ऑनलाइन गेम आधीच बंद केले असते तर माझे साडेचार लाख गेले नसते" असं लिहिलंयस. मी वाद घालणार नाही, कारण तुझा राग खरा आहे. मॅच सुरू झाली की जाहिराती सुरू, ज्यांचे पोस्टर तू भिंतीवर लावायचास तेच खेळाडू सांगतायत टीम लाव म्हणून, आणि यूपीआयने पैसे जायला पाच सेकंद पण लागत नाहीत. ऑक्टोबर 2023 पासून तर खेळायला भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी जात होता, म्हणजे काय चाललंय ते दिल्लीला माहीत होतंच. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदीचा कायदा संसदेने केला तो ऑगस्ट 2025 मध्ये. उशीर झालाच.

पण तुला दादाचं, माझ्या मोठ्या भावाचं, कधी सांगितलं नाही, आज सांगतो. तो मटका खेळायचा. जुगाराचा कायदा आपल्याकडे 1887 पासून आहे, तरी दादा रोज संध्याकाळी पानटपरीच्या मागे जाऊन आकडा लावायचा, ओपन, म्हणजे पहिला आकडा, लागला नाही की तेच पैसे काढायला क्लोज, म्हणजे नंतरचा. चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहायची, कार्बनची, आई शर्ट भिजवायची तेव्हा तिच्या बोटांना निळं लागायचं. तिला वाचता येत नव्हतं, बोटं बघूनच तिला कळायचं की आज पण लावला.

मधेच धाड पडायची आणि टपरी आठ-दहा दिवस बंद. तेवढे दिवस दादा माणसात यायचा रे, वेळेवर जेवायचा, पोरांचा अभ्यास घ्यायचा. आम्हाला वाटायचं सुटलं आता. कोणी त्याच्याजवळ बसून विचारलं नाही की उधारी किती, कोणाची, रात्री झोप लागते का. मग टपरी उघडायची. एकदा तर उघडायच्या आधीच त्याने पुढच्या नाक्यावरची शोधली.

तुझे आत्ता तेच आठ दिवस चालू आहेत. मोठ्या ॲपनी पैशाचे गेम बंद केले, पण टेलिग्रामवर कोणीतरी तुला बाहेरच्या साइटची आयडी देतोय असं तूच लिहिलंयस, ती पुढच्या नाक्यावरची टपरी. ती सरकार प्रत्येक वेळी नाही अडवू शकत, तो नंबर तुलाच ब्लॉक करायचाय, हे वाचून झालं की लगेच.

आणि ते "मी नालायक आहे" लिहिणं बंद कर. जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, त्याला डॉक्टर आहेत. 14416 वर फोन लाव, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारीच आहे, फुकट, रात्री दोनला पण उचलतात, मराठीत बोलता येतं. नवीन कायद्यात शिक्षा धंदा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, त्यामुळे सांगायला घाबरू नकोस.

पगाराचं खातं सहा महिने बायकोच्या हातात दे, तुझ्या फोनमधून यूपीआय काढून टाक. जुनं फेडायला नवीन लोन ॲप अजिबात नको.

रविवारी ये. सगळी देणी एका कागदावर लिहून आण, मित्राकडून घेतलेले पाचशे पण. काकू पुरणपोळ्या करणार आहे, आधी जेवू, मग कागद काढू.

तुझा काका