शॉन कॉनरी की रॉजर मूर: खरा जेम्स बाँड कोणाचा?

माझा कौल शॉन कॉनरीला. ३१ ऑक्टोबर २०२० ला नव्वदाव्या वर्षी तो गेला, त्या रात्री मी त्याचा पहिला बाँडपट ‘डॉ. नो’ पुन्हा लावला आणि जुगाराच्या टेबलावर तो पहिल्यांदा आपलं नाव सांगतो तिथे डोळे भरून आले.

हा माणूस एडिनबरोच्या गरीब वस्तीतला, पोरवयात घरोघरी दूध टाकणारा. उंची सूट कसा वागवायचा, हे त्याला दिग्दर्शक टेरेन्स यंगने शिकवलं. बाँडच्या कादंबऱ्यांचा लेखक इयन फ्लेमिंगला तो आधी पसंत नव्हता. पुढे त्याच फ्लेमिंगने बाँडचे वडील स्कॉटिश दाखवले! कॉनरीच्या चालण्यातच धोका होता. समोरच्याला तो खरंच मारेल असं वाटायचं.

मूर २०१७ मध्ये गेला, तेव्हाही वाईट वाटलं होतं. सात चित्रपट, ती वर जाणारी भुवई, मिश्कीलपणा. उदयपूरच्या ‘ऑक्टोपसी’त आपला कबीर बेदी त्याच्यासमोर उभा आहे, म्हणून आमच्या घरात मूरचीच बाजू घेणारे जास्त. पण त्याच्या बाँडला कधी खरंच इजा होईल, ही भीती मला वाटली नाही. ती भीती मूरनंतर बाँड झालेल्या टिमथी डाल्टनने परत आणली, आणि त्याला दोनच चित्रपट मिळाले याची मला अजून हळहळ वाटते.