औंढ्याच्या लायगोमधून क्ष-किरणांत अंधुक असलेले क्वासर दिसतील का?

नाही. (क्वासर म्हणजे दूरच्या आकाशगंगेचं, महाकाय कृष्णविवरामुळे झगझगणारं केंद्र.) हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया वेधशाळा गुरुत्वीय लहरी टिपेल, प्रकाश नव्हे. आणि क्ष-किरण वातावरणात वरच शोषले जातात. मराठवाड्याचं आभाळ कितीही निरभ्र असो, दुर्बीण अवकाशातच लागते: चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन (दोन्ही १९९९च्या), नंतर २०१२ची नूस्टार.

आता खरा गमतीचा भाग. काही क्वासर दृश्य प्रकाशात झगझगीत, पण क्ष-किरणांत मात्र मंद. पीएचएल १८११ हा त्यातला गाजलेला. तो अपेक्षेपेक्षा ३० ते १०० पट फिका निघाला. असं का? एक शक्यता, मधे वायूचा जाड पडदा आहे. दुसरी, कृष्णविवराजवळचा तप्त कोरोना, म्हणजे क्ष-किरण सोडणारा वायूचा भागच, अशक्त आहे. पडदा असेल तर कमी ऊर्जेचे किरण अडतात, जास्त ऊर्जेचे बरेचसे आरपार येतात (पडदा फारच दाट नसेल तर), म्हणून जास्त ऊर्जेचे क्ष-किरण टिपणाऱ्या नूस्टारची साक्ष मोलाची.

चंद्रा दुर्बिणीला अशा क्वासरकडून तासन्‌तास पाहूनही कधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच फोटॉन (प्रकाशकण) मिळतात. तेवढेही पुरतात, कारण तिच्या प्रतिमेत पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी असतो. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.