बेडूक आजारी पडतात का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ताई, आमच्या परसातल्या विहिरीजवळ या पावसात बरेच बेडूक मेलेले दिसले. मुलगा म्हणतो जगभर बेडकांना मारणारी कुठलीशी बुरशी आलीये, तीच असणार. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकू का?
— एक वाचक, संगमेश्वर

आधी एक सांगते, बेडकांसाठी म्हणून टीसीएल अजिबात टाकू नका, जे बेडूक आणि बेडूकमासे जिवंत आहेत तेही जातील. पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर टीसीएलचं काय ते ग्रामपंचायत माणसांसाठी बघते, तो विषय वेगळा.

मुलगा म्हणतोय ती बुरशी खरी आहे, कायट्रिड म्हणतात तिला, आणि फार वाईट आहे ती. ऑस्ट्रेलियात आणि पनामात जंगल शाबूत, ओढे स्वच्छ, आणि तरी बेडूक भराभर नाहीसे होत होते, कशामुळे ते कुणालाच कळेना. 1998 मध्ये मेलेल्या बेडकांच्या कातडीत ही बुरशी सापडली तेव्हा उलगडा झाला. 2019 साली शास्त्रज्ञांनी जगभरचा हिशोब मांडला त्यात निदान 501 जातींची संख्या हिच्यामुळे घटलेली आणि त्यातल्या 90 बहुतेक कायमच्या गेलेल्या निघाल्या. या आकड्यांवर नंतर वाद झाले पण नुकसान प्रचंड आहे याबद्दल कुणाचं दुमत नाही.

आता कातडीच्या रोगाने जीव कसा जातो? बेडूक तोंडाने पाणी पीतच नाही, कातडीतून शोषून घेतो, श्वाससुद्धा बराचसा कातडीतूनच घेतो, आणि अंगातलं सोडियम पोटॅशियम सांभाळायचं कामही कातडीचंच. बुरशी बरोब्बर त्या कातडीच्या वरच्या थरात शिरते, तिथलं केराटिन, म्हणजे आपली नखं-केस ज्याचे बनतात ते द्रव्य, हे तिचं घर, मग कातडी जाड होते, क्षारांचं गणित बिघडतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. बाहेरून बघाल तर जखम अशी बऱ्याचदा काहीच दिसत नाही. बेडूकमाशाला केराटिन फक्त तोंडाशी असतं म्हणून तो ही बुरशी तोंडात घेऊन मजेत पोहत असतो आणि पाय फुटून, शेपूट जाऊन बेडूक झाला, अंगभर केराटिन आलं, की मग मरतो. मला या सगळ्यात हेच सगळ्यात जास्त लागतं, इतकी धडपड करून पाण्याबाहेर यायचं आणि तिथेच संपायचं.

पण लगेच घाबरू नका. ही बुरशी आपल्या पश्चिम घाटात आहे, केरळातून 2011 मध्ये आणि उत्तर सह्याद्रीतून 2013 मध्ये तिच्या नोंदी छापून आल्यात, तरी भारतात तिच्यामुळे बेडूक ढिगाने मेले असं अजून नोंदलेलं नाही. 2018 च्या जनुकीय अभ्यासात हिचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या आसपास निघालं, म्हणजे आशियातले बेडूक आणि ही बुरशी बहुधा खूप जुने शेजारी, म्हणून इथल्यांना ती सोसत असावी असा अंदाज आहे. त्यामुळे तुमच्याकडे मी आधी दुसरीकडे बघेन. जवळपास कुणी तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलंय का, पंप कुठे धुतला, विहिरीचा काठ सरळसोट आहे का, म्हणजे पडलेल्याला वर येता येत नाही असं होतंय का? असेल तर एक खरखरीत फळी तिरकी सोडून ठेवा. आणि तरीही मरतच राहिले तर फोटो काढा, तारीख लिहा आणि जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा वनखात्याला कळवा.

शेततळ्यात मागचा एक पायच नसलेला बेडूक सापडला. हा पण रोग का?
— एक वाचक, सिन्नर

पाय कमी की पाय जास्त, यात फरक आहे बरं का. अमेरिकेत मिनेसोटामध्ये 1995 साली शाळेच्या मुलांना एका तळ्यावर वेडेवाकडे पाय असलेले बेडूक सापडले आणि मोठी खळबळ उडाली. जास्तीचे पाय फुटण्यामागे तिकडे बऱ्याच ठिकाणी एक चपटा जंत निघाला. हा जंत आधी पाणगोगलगाईत वाढतो, तिथून बाहेर पडून बेडूकमाशाच्या अंगात जिथे पाय फुटायचे तिथेच शिरतो, मग पायांचा सगळा घोटाळा होतो, असा बेडूक धड उडी मारू शकत नाही, बगळा त्याला खातो आणि जंत बगळ्याच्या पोटात पोचतो, त्याला तिथेच तर जायचं असतं! आणि खतं पाण्यात उतरली की शेवाळ वाढतं, गोगलगाई वाढतात, जंतही वाढतात.

तुमच्या बेडकाला पाय कमी आहे. त्याला बऱ्याचदा चतुराच्या अळ्या कारण असतात, त्या बेडूकमाशाचे कोवळे पाय कुरतडतात. एकाच बेडकावरून काळजी नको, बरेच दिसले तर बघू.

या बुरशीवर औषध आहे का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

आहे, पण जंगलात जाऊन कुणाकुणाला देणार? गजकर्णावर आपल्याकडे डॉक्टर देतात तेच इट्राकोनॅझोल बेडकांना चालतं. स्पेनच्या मायोर्का बेटावर शास्त्रज्ञांनी बेडूकमासे पकडून नेऊन त्यांना या औषधाच्या पाण्यात आंघोळ घातली, पण परत सोडल्यावर त्यांना पुन्हा लागण झाली, मग तळी रिकामी करून खडकसुद्धा निर्जंतुक केले तेव्हा कुठे जमलं. 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. छोट्या तळ्यांचं बेट होतं म्हणून शक्य झालं, आपल्या ओढ्यांवर कुणी असला प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मला त्यापेक्षा सिडनीचं काम आवडलं. बुरशीला थंडावा लागतो, साधारण 28 अंशांच्या वर तिची वाढ थांबते. म्हणून तिथल्यांनी भोकं असलेल्या विटा काळ्या रंगवून छोट्या ग्रीनहाऊसमध्ये उन्हात रचल्या, बेडूक आपणहून त्या भोकांत जाऊन बसले आणि बरे झाले, शिवाय बरे झालेल्यांना नंतरची लागणही जास्त चांगली सोसली. हे 2024 मध्ये आलंय.

आम्ही पावसाळ्यात आंबोलीला नाइट ट्रेलला जातो. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, ठाणे

हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता! आंबोलीत असा भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) आहे जो जगात दुसरीकडे कुठेच नाही, तेव्हा तिथे एका घाटाचा चिखल बुटांना लावून दुसऱ्या घाटात उतरू नका. बूट घासून धुवा आणि पूर्ण खडखडीत वाळवा, ही बुरशी वाळली की मरते. फोटोसाठी बेडूक हातात घेऊ नका, हाताला डासांचं क्रीम असतं आणि ते त्याच्या कातडीतून थेट आत जातं. बेडूकमासे बाटलीत भरून घरी आणणं तर नकोच, आणि आणले असतील तर दुसऱ्या पाण्यात सोडणं त्याहून नको. माणसाला ही बुरशी होत नाही, पण बेडकांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, तेव्हा मुलांनी हात लावला असेल तर खाण्याआधी साबणाने धुवायला लावा.