विक्तोरसाठी मागणं करा

प्रश्न : मी कॅथलिक, जावई प्रोटेस्टंट. संतांना ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणणं ही रोमच्या सम्राटांनी धर्म जवळ केल्यानंतरची भर, असं तो म्हणतो. त्याला दाखवण्याजोगा एखादा शिलालेख आहे का?
– एक वाचक, नाना पेठ, पुणे

उत्तर : आहे, पण शिलालेख म्हणावा इतका देखणा नाही. रोमबाहेर आपियन रस्त्यावर, सान सेबास्तियानो चर्चच्या खाली, १९१५ साली एक जुनी बैठकीची जागा सापडली. तिच्या भिंतीच्या गिलाव्यावर लोकांनी शेकडो ओळी ओरखडून ठेवल्यात. (सिंहगडावर नावं कोरणाऱ्यांना मी दोनदा झापलंय, इथे मात्र त्यांचेच पाय धरावे लागतात.) एक ओळ अशी : ‘पाऊले एद् पेत्रे, पेतिते प्रो विक्तोरे’. पौला आणि पेत्रा (येशूचे प्रेषित, दोघेही संत), विक्तोरसाठी मागणं करा. ‘आणि’ला लॅटिनमध्ये ‘एत्’ हवं; या गड्याने कानावर पडलं तसं ‘एद्’ लिहिलं. शाळेत असतो तर लाल पेनाने गोल केला असता. पण ही ओळ कुणा धर्मगुरूने सांगून लिहून घेतलेली नाही, हे त्या चुकीनेच कळतं. आणखी एकाने पेत्र-पौलांच्या आठवणीत जेवण घातल्याचं नोंदवलंय.

आता काळ. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात ही जागा भराव घालून बुजवली आणि वर बासिलिका, म्हणजे मोठं चर्च, उठलं. म्हणजे भिंतीवरचं सगळं त्याआधीचं. एका ओळीत कॉन्सलांची नावं आहेत (रोममध्ये वर्ष ओळखलं जाई ते या वार्षिक अधिकाऱ्यांच्या नावाने), त्यावरून साल निघतं २६०. धर्म जवळ करणारा पहिला सम्राट कॉन्स्टंटाइन, त्याचा विजय ३१२चा. जावईबापूंना हे गणित घाला.

पोप दमाससचे (३६६–३८४) संगमरवरी लेख जास्त प्रसिद्ध आहेत. रोमची हुतात्मा मुलगी संत अ‍ॅग्नेस, तिच्यावरची त्याची शिळा १७२८ साली तिच्याच चर्चच्या फरशीत पालथी सापडली. अक्षर काय सुरेख! पण तिथे बोलतो तो पोप, आणि तोही उशिरा. वादात उपयोग नाही.

एक गोष्ट जावयाच्या बाजूने सांगतो. रोममधल्या साध्या थडग्यांवरही आईबाप आपल्याच गेलेल्या लेकराला ‘आमच्यासाठी माग’ म्हणताना दिसतात. म्हणजे ही विनवणी हुतात्म्यांपुरती नव्हती. ती करावी की नाही, हे मात्र तुमच्या फादरांना विचारा. मी अक्षरं वाचणारा माणूस.

फोटो दाखवाल तेव्हा ‘एद्’वर बोट ठेवा.